घोड्यावर बसलेले अंडे : ब्राझीलची एक न्याहारी



भूगोलाच्या तासाला दक्षिण अमेरिका खंड शिकवून झाला होता. ॲमेझॉन नदी, सदाहरित जंगले, कॉफीचे मळे, सगळे यथासांग झाले आणि तास संपायला पाच मिनिटे उरली. तेवढ्यात नववीतल्या एका मुलाने विचारले, "टीचर, ते लोक सकाळी काय खातात?"

प्रश्न पुस्तकात नव्हता, पण चांगला होता. मी सांगितले की, साधारणपणे दूध घातलेली कॉफी, पाव-लोणी आणि पपईची फोड. पण काही भागांत सकाळीच मांस आणि अंडीही खातात. तव्यावर भाजलेला मांसाचा काप आणि त्यावर अंडे. एवढे ऐकताच एका बाकावरून "शी!" असा आवाज आला आणि वर्ग हसला.

मी ते फारसे मनावर घेतले नाही. मधल्या सुट्टीत मात्र एक गोष्ट दिसली. त्याच बाकावरची दुसरी एक मुलगी डब्याचे झाकण अर्धेच उघडून, त्याच्या आडून, पावात घातलेले ऑम्लेट खात होती. तिला कोणी काहीही बोलले नव्हते. त्या एका "शी"ने तिच्या डब्याचे झाकण अर्धे बंद केले होते.

म्हणून हा लेख. कोणी काय खावे हे सांगण्याचा त्यात हेतू नाही. आपल्या शाळेत मासे-मटण खाणारी घरे आहेत, केवळ शाकाहारी घरे आहेत, श्रावणात वर्ज्य करणारी आहेत. गोमांस खाणारे शेजारी आहेत आणि त्याला हातही न लावणारी कुटुंबे आहेत. ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या रीतीने चालते. पण दुसऱ्याचे ताट कसे बनते, ते कोठून आले, हे समजून घ्यायला खाण्याची सक्ती नसते. समजून घेतले की "शी" म्हणण्यापूर्वी जीभ जरा थांबते.

नावाची गंमत

या पदार्थाला पोर्तुगीज भाषेत 'बिफे आ कावालो' म्हणतात. 'कावालो' म्हणजे घोडा. तव्यावर भाजलेला मांसाचा काप हा घोडा आणि त्यावर ठेवलेले तळलेले अंडे हा घोडेस्वार. पोर्तुगालमध्येही असेच अंडे 'स्वार' झालेले असते. तेथूनच ही पद्धत ब्राझीलला गेली.

'बिफे' हा शब्द मूळचा पोर्तुगीज नाही. इंग्रजीतल्या 'बीफ'वरून तो पोर्तुगीजांनी घेतला. ब्राझीलमध्ये आता त्याचा अर्थ 'मांसाचा पातळ, भाजलेला काप' एवढाच उरला आहे. त्यामुळे तेथे कोंबडीचाही 'बिफे' होतो आणि काळजाचाही. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तेथील सकाळ

ब्राझीलमध्ये न्याहारीला 'काफे दा मान्या' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'सकाळची कॉफी'. 1727 साली कॉफीचे रोप ब्राझीलमध्ये पोहोचले आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत हा देश जगात सर्वांत जास्त कॉफी पिकवणारा झाला. अजूनही तोच पहिला आहे. तेव्हा न्याहारीचे नावच कॉफीवरून पडले, यात नवल नाही.

शहरातल्या घरांत ही न्याहारी हलकी असते. बेकरीतून आणलेला, बाहेरून कडक आणि आतून मऊ असा छोटा पाव, लोणी, चीज, एखादे फळ. आपल्या पदेराचा उंडो डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. 'बिफे आ कावालो' तेथे बहुतेक वेळा दुपारच्या जेवणात येतो. भात, घेवड्याच्या दाण्यांची दाट उसळ आणि तळलेले बटाटे यांच्या सोबतीने.

मग सकाळी मांस कोण खातो? त्यासाठी ईशान्य ब्राझीलमध्ये जावे लागेल. तेथील आतला भाग कोरडा, काटेरी झुडपांचा आणि पावसाचा भरवसा नसलेला आहे. त्याला 'सेर्तांव' म्हणतात. तेथे पूर्वीपासून गुरे पाळण्याचा धंदा. गुराख्याला पहाटे बाहेर पडायचे आणि दिवसभर उन्हात फिरायचे, म्हणून पोटात भक्कम काहीतरी हवे. मीठ लावून वाळवलेले मांस, उकडलेला कसावाचा कंद, मक्याच्या जाड पिठाचा वाफवलेला 'कुसकुस', अंडी आणि वर काळी कॉफी अशी तेथील न्याहारी असते. आपल्याकडे शेतावर जाणारा माणूस सकाळी पेज पिऊन निघतो, त्यातलाच हा प्रकार. हवामान, काम आणि हाताशी असलेली वस्तू, या तीन गोष्टी न्याहारी ठरवतात.

साहित्य (दोन माणसांसाठी)

मांसाचे दोन काप, प्रत्येकी सुमारे 120 ते 150 ग्रॅम, एक ते दीड सेंटिमीटर जाड, अंडी 2 किंवा 4, लसूण 3 पाकळ्या, कांदा 1 मोठा, गोल चकत्या करून, मीठ, मिरपूड, तेल 1 मोठा चमचा, लोणी 1 लहान चमचा, सोबतीला पाव आणि कॉफी.

मसाला एवढाच. हळद नाही, गरम मसाला नाही, वाटण नाही. आपल्याला हे अळणी वाटण्याची शक्यता आहे, पण या पदार्थात सगळी चव तव्याच्या तापातून येते. ती कशी, ते कृतीसोबतच पाहू.

कृती आणि तिच्यामागचे शास्त्र

1. काप फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर काढा. लसूण ठेचून दोन्ही बाजूंना चोळा आणि दहा मिनिटांनी लसणाचे तुकडे पुसून बाजूला काढा, कारण तापल्या तव्यावर लसूण करपून कडू होतो. मग स्वच्छ कागदाने किंवा फडक्याने काप अगदी कोरडा टिपून घ्या.

ही कोरडे करण्याची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तेथेच बिनसते. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते. जोपर्यंत पृष्ठभागावर पाणी आहे, तोपर्यंत तवा कितीही तापला तरी मांसाचा वरचा थर 100 अंशांच्या फार वर जात नाही. मांस भाजले न जाता उकडते आणि राखाडी पडते. खमंग तपकिरी रंग येण्यासाठी सुमारे 140 अंशांच्या पुढे जावे लागते. तेव्हा प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि शर्करा यांची आपापसांत क्रिया होते आणि शेकडो नवे सुगंधी पदार्थ तयार होतात. लुई कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये ही क्रिया वर्णन केली, म्हणून तिला 'मायार क्रिया' म्हणतात. उंड्याचे कडक कवच, भाजलेल्या कॉफीचा वास, भाकरीवरचे तांबूस डाग, या सगळ्यांमागे तीच आहे.

2. जाड बुडाचा लोखंडी तवा तीन-चार मिनिटे चांगला तापवा. तेल घाला. तेलातून धुराची बारीक रेघ दिसू लागली की कापांना मीठ-मिरपूड लावा आणि तव्यावर ठेवा. मीठ अगदी आयत्या वेळी लावायचे, कारण ते लगेच पाणी ओढून काढू लागते आणि टिपून कोरडा केलेला काप पुन्हा ओला होतो.

3. आता दोन मिनिटे हात लावू नका. उलथन्याने दाबू नका, सरकवू नका. खालचा थर भाजला की काप आपणहून तव्यापासून सुटतो. तो चिकटून बसला असेल तर अजून वेळ झालेली नाही असे समजा. उलटून दुसरी बाजूही दोन ते तीन मिनिटे भाजा. दोन्ही काप एकदम मावत नसतील तर एकामागून एक करा. तव्यावर गर्दी झाली की ताप उतरतो आणि पुन्हा पाणी सुटते.

4. काप ताटलीत काढून तीन-चार मिनिटे झाकून ठेवा. लगेच कापले तर रस ताटलीत वाहून जातो. थोडे थांबले तर तो बऱ्याच अंशी आतच राहतो.

5. त्याच तव्यात आच मध्यम करून कांद्याच्या चकत्या टाका. त्या मऊ झाल्या की दोन चमचे पाणी शिंपडा आणि तव्याच्या बुडाला धरलेला तपकिरी थर उलथन्याने खरवडून कांद्यात मिसळा. भांडे घासताना आपण जो टाकून देतो, तोच येथला मसाला आहे.

6. तवा पुसून लोणी घाला आणि आच मंद करा. अंडी आधी वाटीत फोडा, मग हलकेच तव्यात सोडा. मांसाला मोठी आच लागते आणि अंड्याला मंद, कारण अंड्याचा पांढरा भाग साठ-बासष्ट अंशांपासूनच घट्ट होऊ लागतो आणि मोठ्या आचेवर रबरासारखा होतो. वर झाकण ठेवले की वाफेने वरची बाजूही शिजते. ब्राझीलमध्ये पिवळा बलक पातळ ठेवण्याची आवड आहे, म्हणजे तो फुटून मांसावर ओघळतो. पण लहान मुले, गरोदर बायका आणि वृद्ध यांच्यासाठी बलक घट्ट होईपर्यंत शिजवावा.

7. ताटात काप, त्यावर कांदा आणि सर्वांत वर अंडे. घोडा, खोगीर आणि स्वार! शेजारी पाव ठेवा. ताटात उरलेला रस टिपायला तो लागतोच.

एवढे सांभाळा

सातवीपर्यंतच्या मुलांनी हे एकट्याने करू नये. मोठ्यांनी शेजारी उभे राहावे. तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की ते उडते, म्हणून काप आपल्यापासून दूरच्या दिशेने ठेवावा. कच्चे मांस ज्या फळीवर ठेवले आणि ज्या सुरीने कापले, ती साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबीर किंवा पाव कापायला घेऊ नये. हातही धुवावेत.

मांसाच्या अखंड कापात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि मोठ्या आचेवर मरतात. खिम्यात मात्र पृष्ठभागच आत मिसळलेला असतो, म्हणून खिमा पूर्ण शिजवावा लागतो. कोंबडीच्या बाबतीतही तसेच. आतपर्यंत शिजली पाहिजे आणि गुलाबी भाग दिसता कामा नये.

अंडे ताजे आहे का, हे पाहायला ते पाण्यात सोडा. ताजे अंडे तळाशी आडवे बसते, जुने उभे राहते आणि फार जुने तरंगते. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून आतले पाणी हळूहळू उडते आणि हवेची पोकळी वाढते, म्हणून असे होते.

शिवाय हे रोजचे खाणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये लाल मांसाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले. सुट्टीच्या दिवशी कधीतरी, तेही बेताने, हे ठीक.

आपापल्या घराप्रमाणे

वर सांगितलेच आहे की ब्राझीलमध्ये कोंबडीचाही 'बिफे' होतो. कोंबडीच्या छातीचा भाग मधून उघडून एक सेंटिमीटर जाड करा आणि मध्यम आचेवर प्रत्येक बाजूस तीन-चार मिनिटे भाजा. पदार्थ नावानिशी ब्राझीलचाच राहील.

मांस न खाणाऱ्या पण अंडे खाणाऱ्या घरांनी पनीरची जाड चकती घ्यावी. ईशान्य ब्राझीलमध्ये 'केज्जू कोआल्यु' नावाचे चीज निखाऱ्यावर भाजून खातात. ते पनीरसारखेच वितळत नाही, नुसते वरून तांबूस होते. पनीरही आधी कोरडे टिपावे, नियम तोच. आणि जेथे अंडेही चालत नाही, तेथे भाजलेले पनीर, तव्यावरचा कांदा, पपई आणि दूध घातलेली कॉफी. ही सगळी न्याहारी ब्राझीलच्या माणसाला ओळखीचीच वाटेल.

त्यांचे ताट, आपले ताट

आता मूळ मुद्द्याकडे येते. 1500 साली पेद्रु आल्व्हारिश काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी भारताकडे निघाला असता एप्रिलमध्ये त्याची जहाजे ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली. तेथून पुढे निघून त्याच वर्षी तो कालिकतला पोहोचला. म्हणजे ब्राझील आणि आपला किनारा पोर्तुगीज एकाच सफरीत पाहून गेले. 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला. ब्राझील 1822 मध्ये स्वतंत्र झाला, गोवा 1961 मध्ये मुक्त झाला. ती सत्ता कशी होती, हे आपण इतिहासात शिकतोच. पण तिच्या जहाजांतून झाडे आणि शब्द इकडून तिकडे गेले, हेही तितकेच खरे.

काजू आपला वाटतो ना? तो मूळचा ईशान्य ब्राझीलचा, नावासकट. तेथील तुपी लोकांचा 'आकाजू', पोर्तुगिजांचा 'काजू' आणि आपलाही काजूच. अननसाचे नावही त्याच वाटेने आले. पाव, बटाटा, कोबी हे शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतले. बांधकामावरचे घमेले हे पोर्तुगीज 'गामेला'. ब्राझीलमध्ये 'गामेला' म्हणजे जेवण वाढायचे लाकडी पात्र! ब्राझीलच्या खाणावळीतला फळा आपल्यापैकी कोणाला वाचायला दिला, तर काही भाज्या ओळखू येतील.

आता उपवासाच्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी आठवा. आपल्याकडचा साबुदाणा कसावाच्या कंदाच्या पिठापासून बनतो आणि कसावा हे दक्षिण अमेरिकेतले पीक. सेर्तांवमधला गुराखी सकाळी उकडून खातो, तेच. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तेथीलच आणि मिरचीही अमेरिका खंडातूनच आलेली. ज्या ताटाला आपण सर्वांत सोवळे मानतो, त्यातले तूप, जिरे आणि मीठ वगळले तर जवळजवळ सगळे समुद्रापलीकडून आलेले आहे.

आणि उलट दिशेने काय गेले? ब्राझीलच्या कुरणांत आज जी पांढरी, वशिंडाची गुरे लाखोंनी दिसतात, त्यांतली बहुसंख्य 'नेलोर' जातीची. हे नाव आंध्रातल्या नेल्लोरचे. आपल्याकडची ओंगोल जात ती हीच. गुजरातची गीर आणि कांकरेज गुरेही तेथे गेली. कांकरेजला तर तेथे 'गुझेरा', म्हणजे गुजराती, असेच म्हणतात. युरोपातली गुरे तेथील ऊन आणि गोचिडी सोसू शकत नव्हती. भारतीय गुरे सोसू शकली. गीर तेथे मुख्यतः दुधासाठी पाळतात, नेलोर मांसासाठी. हे वाचून काहींना वाईट वाटेल. मलाही पहिल्यांदा वाचताना चमत्कारिक वाटले होते. पण भूगोल आवडीनिवडी पाहून बदलत नाही. घोडेस्वाराच्या त्या ताटामागे आपल्या देशातून गेलेले जनावर उभे आहे आणि आपल्या फराळामागे त्यांच्या मातीतला कंद. कोणाचेच ताट केवळ त्याचे एकट्याचे नाही.

शेवटी एवढेच

ब्राझील सरकारने 2014 मध्ये लोकांसाठी आहाराची एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात कॅलरींच्या कोष्टकांपेक्षा साध्या गोष्टींवर भर आहे. ताज्या वस्तू घरी शिजवा, पाकिटबंद तयार खाणे टाळा, स्वयंपाक शिका आणि शिकवा, आणि जमेल तेव्हा कोणाच्या तरी सोबतीने जेवा.

शेवटची गोष्ट करायला आपल्याला ब्राझीलला जावे लागत नाही. मधल्या सुट्टीची वीस मिनिटे पुरेत. शेजारच्या डब्यात आपण न खाणारे काही असले तर ते घेऊ नये, "मी खात नाही" असे साधेपणाने सांगावे. तेवढे सांगायला नाक मुरडावे लागत नाही. उलट विचारावे, "हे कसे करतात गं?" या प्रश्नावर डब्याचे झाकण पूर्ण उघडते.

मुलांनो, येत्या रविवारी आई-बाबांच्या मदतीने आपापल्या घराला रुचेल तो प्रकार करून पाहा. तव्यावर काप आपणहून सुटतो का, हे बघा. आणि तुमच्या घरच्या न्याहारीतला एक पदार्थ निवडून त्यातली प्रत्येक वस्तू मूळची कोठली, हे शोधून वहीत लिहून आणा. पुढच्या भूगोलाच्या तासाची पहिली पाच मिनिटे त्याच्यासाठी राखून ठेवली आहेत.